मामांचा फोटो, आणि खाली काय लिहिलंय?

व्हर्जिनियाकर

आई सांगलीहून दोन महिन्यांसाठी आलीय. दर शनिवारी 'आज कुठं?' असतं. मागच्या आठवड्यात तिला शार्लट्सव्हिलला नेलं. डोंगरावर अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांचं घर आणि खाली त्यांनीच उभारलेलं विद्यापीठ. आईनं सगळं बघितलं, 'खांब छान आहेत' म्हणाली. चॅपलपाशी गुडघे बोलायला लागले म्हणून बसली. तिथंच एक पाटी होती, ती मी वाचून दाखवली.

हेन्री मार्टिन, १८२६ ते १९१५. जन्मानं गुलाम. हा विद्यापीठाचा घंटेवाला. पहाटे पोरांना उठवायची घंटा, मग दिवसभर तासांची. असं पन्नासएक वर्षं केलं त्यानं, १९०९ साली कामातून सुटला. पाटी बसवली २०१२ मध्ये, म्हणजे तो जाऊन ९७ वर्षांनी. घरी आल्यावर त्याचा जुना फोटो नेटवर शोधून आईला दाखवला. तिनं चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आपल्या कॉलेजात मामांचा होता की रे असा फोटो. नाव काय त्यांचं?"

आई आणि मी एकाच कॉलेजचे. दोघांनाही आठवेना. आठवेना कसलं, माहीतच नव्हतं.

फोटो मात्र डोळ्यांसमोर आहे. फिजिक्स लॅबच्या बोळात, फ्यूज बॉक्सच्या वर. फेटा, गळाबंद कोट, खांद्यावरून तिरका पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला. फोटो काळापांढरा, पण फेटा हातानं गुलाबी रंगवलेला. रंगवणाऱ्याचा ब्रश गालांवरही फिरला असावा, त्यामुळे मामा कायम लाजल्यासारखे दिसायचे. बिल्ल्यावर सोनेरी ठिपका. खाली पांढऱ्या ऑइलपेंटनं: 'मामा. ४१ वर्षे सेवा.' प्रॅक्टिकलच्या परीक्षेला जाताना आम्ही त्या फ्रेमला हात लावून जायचो. बिल्ल्याचा नंबर आजही सांगतो, ७. नाव नाही सांगता येत.

तर प्रश्न असा: तुमच्या कॉलेजात एखाद्या शिपाईमामांचा, लॅबवाल्या काकांचा असा फोटो आहे का? आणि खाली काय लिहिलंय?

खडूफळा

फोटो आहेत, पण संस्थापकांचे, देणगीदारांचे आणि एका प्राचार्यांचे तर तीन. शिपायांचा स्वतंत्र एकही नाही.

दरवर्षीच्या ग्रुप फोटोत ते असतात. ती पुठ्ठ्यावर चिकटवलेली लांबलचक छायाचित्रं आठवताहेत? खाली बारीक अक्षरात 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून' अशी सगळी नावं, पदव्यांसकट. 'उभे, पहिली रांग' तीही नावं. शेवटच्या रांगेला आलं की 'शिपाई वर्ग'. संपलं. १९५८ पासूनचे फोटो लागलेत आमच्याकडे, एकालाही अपवाद नाही. आता मुद्दाम जाऊन पाहून आलो आणि चहा गार झाला.

काजूगर

आमच्या मामांचा फोटो नाही, पण माझं नाव मामांच्या उधारीच्या वहीत अजून असेल. तेवढंच अमरत्व.

शंकेखोर

जन्म १८२६ म्हणता. मी जरा वाचलं, तर म्हणे ४ जुलै १८२६ ला, त्याच डोंगरावरच्या घरी, आणि त्याच दिवशी जेफर्सन वारला. हे जरा जास्तच जुळून आलेलं वाटत नाही?

व्हर्जिनियाकर

@शंकेखोर, जेफर्सन ४ जुलै १८२६ ला गेले हे पक्कं. त्याच दिवशी त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सही गेले, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं होत होती. मार्टिनचा जन्म त्याच दिवशीचा हे तो स्वतः सांगायचा. गुलामाच्या पोराला जन्मदाखला कोण देणार?

पण पुढचं जास्त महत्त्वाचं. जेफर्सन डोक्यावर लाखाच्या वर डॉलरचं कर्ज ठेवून गेले. जानेवारी १८२७ मध्ये घरचं सामानसुमान, गुरं आणि १३० माणसं लिलावात काढली. म्हणजे हा पोरगा सहा महिन्यांचा असताना त्याच्या आसपासची माणसं बोली लावून विकली गेली.

मुक्ता_क

धागा चांगला आहे, पण मला एक दिसलं ते बोलून टाकते. वरच्या लेखनात जेफर्सन 'यांचं', 'त्यांनी', 'गेले'. हेन्री मार्टिन 'हा', 'त्यानं', 'सुटला'. माणूस ८९ वर्षांचा होऊन गेला. मराठीत बसल्या जागी लागतं हे, आपल्याला कळतही नाही.

आणि 'मामा'बद्दल. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक म्हाताऱ्या काळ्या माणसाला 'अंकल' म्हणायचे. प्रेमानं? 'मिस्टर' म्हणावं लागू नये म्हणून. म्हाताऱ्या बाईला 'आंटी', म्हणजे 'मिसेस' टळलं. हेन्री मार्टिन यांनाही तिथली पोरं 'अंकल हेन्री' म्हणत. आता सांगा, फोटोखाली 'मामा' लिहिणारे आपण नक्की काय करत होतो?

१८७३ साली फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं ते अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या भल्या लोकांना अर्पण करून. तेव्हा हेन्री मार्टिन ४७ वर्षांचे होते. पुण्यात बसलेल्या माणसाला तिथलं आणि इथलं एकच आहे हे दिसलं. आपल्याला दीडशे वर्षांनी पाटी वाचावी लागते.

पेन्शनर

मुक्ताताई, मुद्दा पोचला, पण पूर्ण सहमत नाही. मी ३३ वर्षं एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काढली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त. आमच्याकडे 'मामा' ही पदवीच होती. वसतिगृहात ताप आलेल्या पोराला रात्री रिक्षात घालून नेणारा मामाच. प्राचार्य पाच बदलले, मामा तेच. नवीन प्राचार्य आले की पहिल्या दिवशी विचारायचे, "मामा, इथं कसं चालतं?" हे 'मिस्टर' टाळणं नव्हे हो. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात एक तरी नातं लागतं.

मुक्ता_क

पेन्शनरकाका, नातं मान्य. पण तुम्हाला कुणी 'काका' म्हणालं तरी टेबलावर पाटी होती ना पूर्ण नावाची?

पेन्शनर

होती. लाकडी.

काजूगर

*(पॉपकॉर्न घेऊन बसलोय, सरका जरा.)*

जर्सीवाला

इकडच्या न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचं उदाहरण देतो. जेम्स कॉलिन्स जॉन्सन. मेरीलँडमधून १८३९ साली मालकाच्या तावडीतून पळून इथं पोचले, कॉलेजात कामाला लागले. १८४३ मध्ये ओळखीच्या एका विद्यार्थ्यानंच पाहिलं आणि खबर दिली. खटला झाला, निकाल मालकाच्या बाजूनं. परत पाठवायचे तेवढ्यात गावातल्या एका बाईनं पैसे भरून सोडवलं, आणि यांनी ते पुढं फेडले. मग १९०२ मध्ये जाईपर्यंत कॅम्पसवर शेंगदाणे, मिठाई विकत होते. साठेक वर्षं! थडग्यावरचा दगड माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून बसवला, 'विद्यार्थ्यांचा मित्र' असं कोरून. आणि त्याच विद्यार्थ्यांनी ठेवलेलं टोपणनाव असं होतं की इथं लिहवत नाही, अंगाच्या वासावरून होतं एवढंच सांगतो. २०१८ मध्ये तिथल्या एका कमानीला त्यांचं पूर्ण नाव दिलं. माझं ऑफिस जवळ आहे. जेवणाच्या सुट्टीत कधी कधी त्या कमानीखालून जातो. सावली चांगली असते.

काचपेटी

मी जुने फोटो दुरुस्त करतो, म्हणून थोडं वेगळं विचारतो. कुठलाही जुना पोर्ट्रेट समोर आला की माझा पहिला प्रश्न: याचे पैसे कुणी दिले?

हसू नका, सगळं त्यावर ठरतं. १८६८ ते १८७५ मध्ये सरकारनं हिंदुस्थानातल्या लोकांच्या फोटोंचे आठ खंड काढले. त्यात माणूस समोर बसलाय, कॅमेऱ्यात बघतोय, पण खाली बहुतेक ठिकाणी जात किंवा जमात. पैसे सरकारचे, म्हणून मथळा सरकारचा. याउलट शार्लट्सव्हिलमध्येच रूफस हॉल्सिंगर नावाचा फोटोग्राफर होता. त्याच्या स्टुडिओच्या हजारो काचा (हो, निगेटिव्ह काचेवर असायच्या, जिलेटिनच्या थराच्या) तिथल्या विद्यापीठानं जपल्यात. त्यात काही शे फोटो गावातल्या काळ्या माणसांचे. स्वतः पैसे मोजून, ठेवणीतले कपडे घालून काढवून घेतलेले. बाहेर रस्त्यावर त्यांना वेगळ्या दारानं जावं लागत होतं, स्टुडिओत मात्र टोपी कुठं ठेवायची आणि हात कुठं ठेवायचा हे गिऱ्हाईक ठरवत होतं. ते चेहरे वेगळे दिसतात. बघाच.

आपल्याकडेही हे तंत्र लवकर आलं. एल्फिन्स्टनमध्ये १८५० च्या दशकात फोटोग्राफीचा वर्गच होता. हरिश्चंद्र चिंतामण तिथलेच, पुढं मुंबईत त्यांचा स्टुडिओ चालला. भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी डॉक्टर असून फोटोग्राफीत मुरलेले. म्हणजे आपल्या कॉलेजात कॅमेरा फार आधी पोचला, शिपायाकडे वळायला वेळ लागला.

@व्हर्जिनियाकर, फोटो अजून तिथं असेल तर कुणाला तरी मागची बाजू बघायला सांगा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीचे आकडे, काहीतरी असतंच. मात्र तीन गोष्टी. ओल्या फडक्यानं पुसायचं नाही. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढायचा नाही, काचेसकट राहू द्यायचा. आणि कुणी 'लॅमिनेट करून टाकू' म्हणालं तर त्याचा हात धरायचा.

शंकेखोर

लॅमिनेशनवरून आठवलं, माझ्या आजोबांचा फोटो काकांनी लॅमिनेट केला. आता त्यात बुडबुडा आलाय, बरोबर नाकावर. घरात सगळे त्यांना 'शिंक येणारे आजोबा' म्हणतात.

घड्याळजी

अवांतर, पण घंटेचा विषय निघालाच आहे तर. आमच्या कॉलेजात घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, कडुलिंबाला साखळीनं टांगलेला. टोल द्यायचा लोखंडी घण मामांच्या कपाटात कुलपात, नाहीतर पोरं तास लवकर सोडवायची. तासाला एक, मधल्या सुट्टीला तीन-तीन, आणि कॉलेज सुटताना मामा सलग बडवायचे, मनसोक्त. पुढं इलेक्ट्रिक बेल आली. मामा तरी पाच मिनिटं आधी झाडाखाली जाऊन उभे राहायचे. बेल वाजली की मान हलवायचे, 'बरोबर' अशी.

राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, प्रेमचंद रायचंदांनी आईचं नाव दिलं. त्या घड्याळाला किल्ली देणाऱ्या माणसांची यादी कुणी केली असेल तर मला हवीय.

व्हर्जिनियाकर

@घड्याळजी, घंटेवरून सांगायचं राहिलं. २७ ऑक्टोबर १८९५, रविवार. विद्यापीठाच्या मधल्या घुमटाच्या इमारतीला आग लागली. मार्टिन यांनीच घंटा बडवून गाव गोळा केलं असं सांगतात. विद्यार्थ्यांनी पुस्तकं आणि जेफर्सनचा संगमरवरी पुतळा ओढत बाहेर काढला. एका प्राध्यापकानं आग पसरू नये म्हणून सुरुंगाची दारू लावून मधला जोड उडवायचा प्रयत्न केला, तरी घुमट जळालाच. त्या प्राध्यापकाची गोष्ट तिथं सगळ्यांना पाठ आहे.

(मुक्ता, 'यांनीच' लिहिलंय. नोंद घ्यावी.)

मुक्ता_क

घेतली. :)

सुनंदा_

बरेच दिवस फक्त वाचते इथं. आज लिहिते.

मी 'मामां'ची मुलगी. वडील ३४ वर्षं एका कॉलेजात शिपाई होते. तिथं दोन हजार पोरांचे मामा. मला लहानपणी याचा फार राग यायचा, की माझ्या बाबांना एवढी भाचरं कुठून आली. घरी आई त्यांना 'अहो' म्हणायची, गल्लीत ते आडनावानं ओळखले जायचे, दाढीच्या दुकानात 'या पाटील' असं. (आडनाव पाटील नाही, तुम्ही समजून घ्या.) 'मामा' ते फक्त कॉलेजच्या फाटकाच्या आत. बाबांना त्याचं वाईट वाटायचं का? मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, "हाक मारली की काम असतंय. नावानं मारली काय, मामा म्हणून मारली काय."

मी त्याच कॉलेजात बी.कॉम. केलं. पहिल्या दिवशी माझ्या वर्गातल्या मुलानं त्यांना पाण्याचा जग आणायला पाठवलं. बाबांनी आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता गेले. घरी आल्यावर म्हणाले, "कॉलेजात तू पण मामाच म्हण." मी नाही म्हटलं. तीन वर्षं कॉलेजात त्यांना हाकच मारली नाही.

फोटोचं म्हणाल तर, आईबाबांचा दोघांचा एकत्र एकच फोटो आहे. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा जोड फोटो लागतो, म्हणून स्टुडिओत गेले होते. लग्नात फोटोग्राफर नव्हता. आई पदर तीनदा सारखा करत होती, फोटोवाला 'मावशी, हलू नका' म्हणत होता. चार प्रती काढल्या. तीन सरकारजमा झाल्या. चौथी मोठी करून घेतली, ती आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. खाली काही लिहिलेलं नाही, लागतही नाही. कॉलेजात त्यांचा फोटो नाही. निरोपाला शाल-श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं.

खडूफळा

सुनंदाताई, वाचून उठलो, परत येऊन बसलो. शिक्षक आहे, त्यामुळे पाण्याचा जग मीही मागवलाय.

काजूगर

आज विनोद नाही.

अडाणी_आर्किटेक्ट

शार्लट्सव्हिलचंच आणखी. तिथं २०२० मध्ये राबलेल्या गुलामांचं स्मारक झालं. ग्रॅनाइटचं अर्धवट उघडं वर्तुळ, व्यास ८० फूट, घुमटाच्या इमारतीएवढा. आत भिंतीवर चार हजारांच्या आसपास आडव्या खाचा आहेत, कारण अंदाजे तेवढी माणसं तिथं राबली. खाचेच्या वर नाव. पण बांधताना सहाशे नावंसुद्धा मिळाली नाहीत. मग जिथं नाव नाही पण काही तरी माहीत आहे तिथं तेच कोरलं: कामाचं नाव, नाहीतर नातं. आणि हजारो खाचा नुसत्या, वर काहीच नाही. पाऊस पडला की त्या खाचांतून पाणी ओघळतं.

मुक्ता आणि पेन्शनरकाका, तुमच्या वादात दोघांनाही पुरेल असा दगड आहे तो. नातं कोरलंय तिथं, पण नाव सापडेना म्हणून. नाव शोधायचे कष्ट वाचावेत म्हणून नव्हे.

पेन्शनर

पटलं. आणि कष्टाचं म्हणाल तर फारसे नाहीत. व्हर्जिनियाकर, तुमच्या मामांचं नाव कॉलेजातच आहे, आस्थापना विभागाच्या कपाटात. सेवापुस्तक काढायला सांगा. पहिल्या पानावर संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, उंची, ओळखीची खूण ('डाव्या भुवईवर व्रण' असलं काहीतरी), सही येत नसेल तर अंगठा. इतकं जुनं सेवापुस्तक नसेल तर पगारपत्रक. पगार कधीही 'मामा' या नावानं निघत नाही, हे मी लिहून देतो.

व्हर्जिनियाकर

दहा दिवसांनी येतोय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

माझा वर्गमित्र आता त्याच कॉलेजात शिकवतो. त्याला फोन केला. फोटो बोळात नव्हता, रंगकाम झालं तेव्हा काढून जिमखान्याच्या खोलीत ठेवलेला, कॅरम बोर्डांच्या मागे. वाळवी लागलेली नाही, फक्त एका कोपऱ्यात ओलीचा डाग. काचपेटी, तुमच्या तिन्ही सूचना पाठवल्या होत्या. फडकं कोरडं वापरलं. फोटो काचेला चिकटलेला नव्हता, म्हणून मागची फळी चार खिळे काढून अलगद उघडली.

मागे गावातल्याच एका स्टुडिओचं लेबल. तो स्टुडिओ कधीच बंद झाला, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. लेबलवर शाईनं गिऱ्हाइकाचं नाव. 'श्रीयुत', मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पूर्ण. खाली 'रंगीत, १ प्रत, रु. १२, रोख पोचले'.

म्हणजे काचपेटी, पैसे त्यांनीच दिले होते. कॉलेजनं काढलेला फोटो नव्हेच तो. त्यांनी स्वतः काढवून घेतला आणि बहुधा जाताना कॉलेजला देऊन गेले. 'मामा, ४१ वर्षे' ते नंतर कॉलेजनं रंगवलं.

पगारपत्रकातही तेच नाव मिळालं, अंगठ्यासकट. नाव इथं लिहीत नाही. नातू तालुक्याच्या गावी असतो असं कळलंय, आधी त्याला विचारतो. आईला मात्र सांगितलं. ती म्हणाली, "अगंबाई, आमच्या गल्लीतलंच आडनाव."

सुनंदा_

बारा रुपये तेव्हा थोडे नव्हते.

काचपेटी

रंगीत करून घेतला म्हणजे जास्त दिले. गालांचा गुलाबी रंगही त्यात आला.

व्हर्जिनियाकर

आता प्रश्न असा की फ्रेमखालची पाटी बदलून घ्यायचीय. मित्र म्हणतो, खर्च आम्ही करतो तरी ऑफिस म्हणतंय की भिंतीवरच्या मजकुरात बदल करायला मंजुरी लागते. पेन्शनरकाका?

पेन्शनर

प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज. विषय: फोटोखालील नावात दुरुस्ती. सोबत पगारपत्रकाची झेरॉक्स आणि लेबलचा फोटो जोडा. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक घालून पोच घ्या. 'मामा' कंसात राहू द्या, मुक्ताताईंची हरकत नसेल तर.

मुक्ता_क

कंसात चालेल.